शेवटच्या डब्याची फुली

रविवारी सकाळी साडेआठला तापीच्या पुलाच्या अलीकडे माझ्यामुळे वाहतूक खोळंबली. मंत्र्यांमुळे खोळंबते तशी नाही, तिथे निदान पोलीस असतो. इथे बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ लाल गमछा हवेत फडकवत रस्त्याच्या मधोमध उभे होते. त्यांच्यासमोर केळी भरायला निघालेले दोन रिकामे ट्रॅक्टर, एक एसटी, एक दूधवाला आणि वऱ्हाडाने गच्च भरलेली काळीपिवळी. गमछ्याच्या पलीकडे साठ पावलांवर मी, घामाघूम, किक मारत. एसटीच्या कंडक्टरने खाली उतरून विचारलं, "पूल बंद आहे का बाबा?"

"पूल चालू हाये," गमछेवाले शांतपणे म्हणाले. "गाडी फेल हाये."

सोमवारी मी शाळेत पोचायच्या आधी व्हिडिओ स्टाफरूममध्ये पोचला होता. मुख्याध्यापकांनी मस्टर पुढे सरकवत "आज गाडी राइट टाइम का?" असं विचारलं आणि ज्या शिपायाला मी दहा वर्षं चहा पाजतोय तो तोंड फिरवून हसला. म्हणून माझी बाजू लिहून ठेवतोय.

आमच्या भुसावळला बर्फ पडत नाही. पण मे महिन्यात 45 च्या वर जाणारा पारा डिसेंबर-जानेवारीत 10 च्या खाली येतो, तेव्हा उन्हाला सरावलेल्या माणसाची काय गत होते ते बाहेरच्याला कळायचं नाही. तिकडे रावेर-यावलला केळीची वाढ थांबते, निसवलेले, म्हणजे झाडातून नुकते बाहेर पडू लागलेले, घड अडकतात. शेतकरी रात्री बागेला पाणी देतात, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. केळीची एवढी काळजी. मी डिसेंबरात सकाळच्या शाळेला गाडीवरून जायचो, चार दिवसांत खोकला छातीत उतरला. माझ्यासाठी कोणी धूर केला नाही. बायकोने फक्त गाडीची चावी काढून घेतली आणि जाहीर केलं, "शिवरात्र होईस्तोवर गाडीला हात लावायचा नाही." शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, हे तिच्या आईचं वेधशाळेपेक्षा पक्कं शास्त्र. चावी उडदाच्या डब्यात गेली. गाडीवर जुनी गोधडी पडली. अडीच महिने मी शाळेत रिक्षाने जात होतो. त्या रिक्षात माझ्याच वर्गातली आठ पोरं असायची, त्यातलं एक रोज माझ्या मांडीवर.

कॅनडात माझा पुतण्या आहे, ऑन्टॅरिओत. त्याच्याकडे खरा बर्फ आणि मोठी मोटारसायकल, दोन्ही आहेत. त्याला फोन लावला, म्हटलं तुम्ही लोक हिवाळ्यानंतर गाडी कधी काढता ते सांग. पोराने पाऊण तास शिकवणी घेतली. बर्फ वितळला की लगेच गाडी काढायची नसते, काका. रस्त्यावर हिवाळाभर मीठ टाकलेलं असतं, त्याने लोखंड खाल्लं जातं. दोन चांगले पाऊस पडून ते धुऊन जायला हवं. वळणावर वाळू-खडी साचलेली असते, ती झाडून निघेपर्यंत थांबायचं. दुपारी हवा उबदार वाटली तरी डांबर गार असतं, गार टायर धरत नाही. शिवाय खड्डे. भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, सकाळी वितळतं, की रस्ता फुटला.

"खड्ड्यांसाठी तुम्हाला बर्फ लागतो?" मी विचारलं. तो गप्प झाला. तेवढीच माझी कमाई.

मग कळलं की गाडी ठेवतानाच त्याने टाकी काठोकाठ भरली होती, पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून त्यात औषध घातलं होतं आणि बॅटरी काढून घरात आणून छोट्या चार्जरवर लावली होती. म्हणजे हिवाळाभर बॅटरी उबेत. तिकडे 2 फेब्रुवारीला बिळातून एक प्राणी बाहेर काढतात; त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा अजून सहा आठवडे राहणार, असं मानतात. मी म्हटलं, आपल्याकडे तुझी काकू आहे. "काका, काकूंना सांगू का?" म्हणाला. फोन ठेवला.

खरी अडचण वेगळीच आहे. त्याच्यापुढे एप्रिल ते ऑक्टोबर मोकळा पडलेला असतो. भुसावळला थंडी संपणे आणि ऊन सुरू होणे यांच्यामध्ये, माझ्या हिशेबाने, नऊ दिवस असतात. त्या नऊ दिवसांत सकाळी स्वेटर नको असतो आणि दुपारी गाडीच्या सीटवर बसल्यावर उडी मारून उठावं लागत नाही. दहाव्या दिवसापासून डोक्याला बागायतदार रुमाल. या नऊतला एकही दिवस वाया घालवायचा नाही, असं मी रिक्षात त्या पोराला मांडीवर घेऊन ठरवलं होतं. शिवरात्र झाली. चौथ्या दिवशी रविवार आला. बायकोनेच उडदाच्या डब्यात हात घातला, कारण तिला बामणोदची वांगी हवी होती. भरताचा सीझन सरत आला होता, घरात कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ दळून तयार होतं. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला 2016 साली जीआय मानांकन मिळालं. जिल्ह्यात मानाची एवढी वाटावाटी झाली, मला रिक्षाचा पासदेखील नाही.

गोधडी काढली, हवा बघितली, आणि गाडी गेटपर्यंत लोटत आणली. इथपर्यंत मी सुखी होतो.

आमच्या गल्लीत दोन घरं शेजारी शेजारी आहेत. एकात निवृत्त ड्रायव्हर, दुसऱ्यात निवृत्त गार्ड. दोघांनी तीस वर्षं एकाच डिव्हिजनमध्ये मालगाड्या चालवल्या, कित्येकदा एकच गाडी. तेव्हा दोघांच्या मध्ये पाऊण किलोमीटर वॅगनी असायच्या म्हणून मैत्री टिकली. आता मध्ये फक्त एक भिंत आहे.

गार्डबाबा गेटात उभे राहिले, हात आडवा.

"कुठी चालले सर?"

"बामणोदला. वांगी आणायला."

"बीपीसी कुठी हाये?"

बीपीसी म्हणजे ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. मालगाडी निघायच्या आधी ब्रेक तपासून तो कागद बनतो आणि त्यावर ड्रायव्हर-गार्ड दोघांच्या सह्या होतात. हे मला माहीत असण्याचं कारण एवढंच, की भुसावळला राहणाऱ्या माणसाला रेल्वेचे नियम जेवणाच्या पंगतीत वाढले जातात.

"बाबा, ही मोटारसायकल आहे."

"अडीच महिने यार्डात उभी होती. मी पाहत होतो ना. ब्रेक कोनं पाह्यला?"

ओट्यावरून ड्रायव्हरबाबा बशीतला चहा फुंकत ओरडले, "जाऊ द्या हो त्याले! इंजिन मी पाह्यलं. आवाज चांगला हाये."

"आवाज? गाडी अजून चालूच कुठी केली सरनं?"

"मले चालू नसतानाबी आवाज कळते. वाफेच्या इंजिनावर फायरमन होतो मी. रात्री आग टाका, तवा पहाटे प्रेशर यायचं. आताच्या पोरायले बटन पाह्यजे."

"मंग मारा म्हना किक."

मारली. एक, दोन, पाच. गल्लीतली पोरं जमली आणि मोठ्याने मोजायला लागली. मी भूगोल शिकवतो. या पोरांनी परीक्षेत कधी इतक्या एकमताने उत्तर दिलेलं नाही. एकोणिसाव्या किकला इंजिन खाकरलं, तेविसाव्याला लागलं. पांढऱ्या धुरात ड्रायव्हरबाबांनी बशी उंचावली. "पाह्यलं? आता काढा गाडी."

"कोन काढते?" गार्डबाबा गेटातून हलले नाहीत. "गार्डनं झेंडी दाखवल्याबिगर गाडी हालत नही. तुमी तीस वरीस पुढं बसले, तरी तुमाले सिटी मारायचंबी मीच सांगत होतो."

"आता गार्ड नसते! आता ट्रेन मॅनेजर म्हन्तात!"

हा वार वर्मी बसला. 2022 च्या जानेवारीत रेल्वेने गार्डचं पदनाम बदलून ट्रेन मॅनेजर केलं आणि गार्डबाबा त्याच्या आधीच रिटायर झालेले. त्यांच्या पेन्शनच्या कागदावर गार्डच आहे, आणि गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते क्षणभर गप्प उभे राहिले. मला वाटलं झालं, सुटलो. पण ते घरात गेले, आणि बाहेर आले तेव्हा गळ्यात शिट्टी, खांद्यावर लाल गमछा, हातात खडू. गाडीच्या मागे गेले, खाली वाकले आणि मडगार्डवर, नंबरप्लेटच्या वर, मोठ्ठी फुली मारली. मालगाडीच्या शेवटच्या डब्यावर, गार्डच्या ब्रेकव्हॅनवर, असते ती. ती फुली दिसली की स्टेशनवाल्याला कळतं, गाडी पुरी गेली, अर्धी वाटेत तुटून राहिलेली नाही.

"बाबा, आता हे कशाला?"

"मंग ब्रेकव्हॅन कोनती?" म्हणाले, आणि मागच्या सीटवर बसले.

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बरं झालं, तुम्हाला सोबत झाली." सत्तावन्न वर्षांचा आहे मी. माझ्या गाडीवर कधी बसायचं हे एका सणाने ठरवलं, कुठे जायचं हे बायकोने, आणि आता जाऊ का हे विचारायला माझ्याच पाठीमागे अधिकारी. शिट्टी वाजली. गाडी सुटली.

वाटेत ते सिग्नल सांगत होते. नाक्यावरचा दिवा हिरवा असला की माझ्या कानात "हिरवा!" आणि मी "हिरवा" म्हणून उत्तर दिलं नाही तर खांद्यावर थाप. ड्रायव्हर आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात, हे मला माहीत होतं. गार्ड यात येत नाही, हेही माहीत होतं. ते म्हणालोदेखील. "मले लई हौस होती," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, आपोआपच, "तीस वरीस मी पुढचं काई पाह्यलं नही सर. ब्रेकव्हॅनमधून मागं पळनारे रूळच दिसतात. ना दिवा, ना पंखा. नांदगावपासून इगतपुरीपर्यंत रात्री एकटा." यावर मला काही सुचलं नाही. पुढचा दिवा आला तेव्हा मी स्वतःहून "हिरवा" म्हटलं. तो पिवळा होता. थाप बसली.

पुलाच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

इथे मला थोडं कडू बोलू द्या. टाकीत अडीच महिने अर्धं पेट्रोल पडून होतं. हल्ली पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलवालं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला, अर्धी रिकामी टाकी ठेवून, हे सोसत नाही, असं मेकॅनिकने नंतर सांगितलं. आता ज्याची गाडी 2006 सालची आहे त्याने काय करावं? पुतण्यासारखं औषध घालावं? पंपावर मला कोणी विचारलं नाही की काका, तुम्हाला उसासकट हवं का उसाशिवाय. आणि टाकी काठोकाठ भरून गाडी ठेवायला महिन्याच्या शेवटी काय लागतं, हे कॅनडातल्या पोराला कळणार नाही.

असो. मी किक मारायला उतरलो आणि मागे वळून पाहिलं, तर गार्डबाबा चालत निघालेले. भुसावळच्या दिशेने, ताठ, एकेक पाऊल मोजत.

"बाबा! कुठे?"

"प्रोटेक्शन!"

गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये फेल झाली की गार्डने मागे जाऊन तिचा बचाव करायचा असतो. 600 मीटरवर रुळावर एक फटाका, 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली ते फुटतील आणि ड्रायव्हर ब्रेक लावील. फटाके त्यांच्याकडे नव्हते हे खान्देशचं नशीब. साठ पावलांवर ते थांबले, कदाचित गुडघ्यामुळे, वळले, आणि लाल गमछा उलगडला.

पुढचं व्हिडिओत आहे. व्हिडिओत नाही ते एवढंच की ट्रॅक्टरवाल्याने मला उद्देशून जी शिवी दिली ती लेवा बोलीतली आणि अतिशय तपशीलवार होती. वऱ्हाडातल्या एका मामांनी उतरून गाडी तिरपी केली, पुन्हा सरळ केली, पुन्हा तिरपी केली आणि "पेट्रोल हाये का?" असं विचारलं. त्यांच्यामागे उतरलेल्या चौघांनी तेच विचारलं. कोणी शिट्टी वाजवायला सांगितलं नव्हतं, तरी ती सारखी वाजत होती. सत्तेचाळीस मिनिटं. शेवटी दूधवाल्याने त्याच्या गाडीला दोरी बांधून मला भुसावळला ओढत आणलं. गार्डबाबा मागे बसून पूर्ण रस्ता मला सांगत होते की डेड इंजिन ओढताना स्पीड किती ठेवायचा.

मेकॅनिकच्या पोराने जेट काढून फुंकला, बॅटरी हलवून पाहिली, मान हलवली. मग मागे जाऊन मडगार्डकडे बघत उभा राहिला.

"सर, ही फुली कशाले? गाडी बाद केली का?"

वांगी बायकोने स्कूटीवरून आणली, स्वतः जाऊन, चाळीस मिनिटांत. भरीत झालं. गार्डबाबा जेवायला होते, ड्रायव्हरबाबाही होते, आणि दोघांनी लाकडी बडगीत वांगं ठेचण्यावरूनही भांडण केलं. जाताना गार्डबाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. वहीच्या पानावर पट्टीने ओढलेले रकाने. गाडी सुटली 8.05. फेल 8.25. डिटेन्शन 47 मिनिटं. शेवटच्या रकान्यात, कारण: ड्रायव्हर.

"इथी सही करा," म्हणाले.

मी सही केलेली नाही. कागद फ्रीजवर चुंबकाखाली आहे, त्याच्या पाठीवर बायकोने वांग्याचा हिशेब लिहिलाय. आज बघितलं, नऊपैकी पाच दिवस गेले, गाडी अजून मेकॅनिककडेच आहे.