मोनोरेलच घ्या म्हणे! आधी बांधावर जाऊन या

'गावाकडं जाऊन लार्ज फॉरमॅटवर पोर्ट्रेट काढायचे तर मोनोरेलच घ्या, फील्ड कॅमेऱ्याच्या मूव्हमेंट पुरत नाहीत. लेन्स १५० ची चालते. फिल्म एवढी मोठी की सगळं धारदारच येतं.' आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज महिनाभर फिरतोय. लार्ज फॉरमॅट म्हणजे ४×५ इंच किंवा त्याहून मोठ्या फिल्मचा कॅमेरा. मोनोरेल हा त्यातला एका दांड्यावर बसवलेला, फील्ड कॅमेरा घडी घालून नेण्यातला. मूव्हमेंट म्हणजे लेन्स नि फिल्म वरखाली सरकवणं, कलवणं.

मूव्हमेंट खऱ्या लागतात त्या इमारतींना. चेहऱ्याला जरासा राइज (लेन्स वर सरकवणं), क्वचित टिल्ट (लेन्स कलवणं), बस्स. अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड अव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात पोर्ट्रेट काढले ते ८×१० इंचाच्या डिअरडॉर्फवर, म्हणजे घडीच्या लाकडी फील्ड कॅमेऱ्यावरच.

लेन्सचा मुद्दा जास्त घातक. ४×५ इंचाच्या फिल्मवर डोकं-खांदे बसवायचे तर माणूस फिल्मवर साधारण पाव आकाराचा येतो. तेवढ्यासाठी १५० मिलिमीटरची लेन्स त्याच्यापासून पाऊण मीटरवर न्यावी लागते. नाक मोठं, कान मागं, माणूस अवघडलेला. २१० ला अंतर मीटरभर होतं, २४० ला १.२ मीटर. पण २४० ला बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्ममधला घडीचा भाता, ३०० मिलिमीटर ताणावा लागतो, आणि कॅमेरा घेताना बघायचा आकडा तो. वर एक्स्पोजर साधारण दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवायचं, हे विसरलात की निगेटिव्ह पातळ.

आता 'सगळं धारदार'. केजकडं एका शेतात लिंबाच्या सावलीत आबांना बसवलं होतं. २१० ची लेन्स, ४०० आयएसओची फिल्म, लेन्सचं छिद्र एफ ११ वर, शटर सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यातही धारदार पट्टा जेमतेम चार सेंटीमीटरचा, छिद्र मोठं करून एफ ५.६ ला दोनच. डोळे लख्ख, फेट्याचा मागचा पीळ विरघळलेला. फोकस करून फिल्मचा होल्डर घालेपर्यंत माणूस डुलतो, म्हणून अंतर तपासायला मी लेन्सपासून गालापर्यंत सुतळी धरतो. आबा म्हणाले, "शर्टाचं माप घ्यायलास का काय रे?"

दुपारी वारा सुटला की ताणलेला बेलोज शिडासारखा फुगतो, आणि फिल्मवर धुळीचा एक कण बसला की प्रिंटमध्ये आबांच्या गालावर नसलेला तीळ.

एक मात्र खरं, जुना मोनोरेल स्वस्तात मिळतो. माझ्याकडंही आहे. त्याची पेटी उचलायला दुसरा माणूस लागतो, म्हणून तो बैठकीतच उभा असतो.