टाचेची शीर आखडत नाही: सायकलस्वारांमध्ये फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

पावसाळा ओसरून चोर्ला आणि अनमोड घाटांचे रस्ते कोरडे झाले की गोव्यातील सायकलस्वारांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा आहे. पोटरी किंवा टाचेमागची जागा दुखणे म्हणजे तिथली शीर आखडणे. धावणाऱ्यांना होते तसे खरे दुखणे सायकलवाल्यांना होत नाही, म्हणून डॉक्टरकडे जाण्याची गरज नाही. सहा आठवडे सायकल पूर्ण बंद ठेवावी, रोज गरम तेलाने पोटरी जोरात रगडावी आणि पायरीवर उभे राहून टाच खाली सोडून ताण द्यावा. एवढ्याने न थांबल्यास एमआरआय काढून टाचेत एक इंजेक्शन घ्यावे. शेवटी, हे सारे गोव्यात धड होत नसल्यामुळे बेळगाव किंवा मुंबई गाठावी. खरे दुखणे नसेल तर सहा आठवडे सायकल बंद कशासाठी, हा प्रश्न संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणी विचारलेला दिसत नाही. यातील बहुतेक विधाने चुकीची आहेत, आणि एक-दोन धोक्याची आहेत.

आधी मुळातल्या गृहीतकाकडे वळू. पोटरीत मुख्यतः दोन स्नायू असतात. गॅस्ट्रोक्नेमियस हा वरचा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि सोलियस हा चपटा स्नायू त्याच्या खाली असतो. दोघांची मिळून अकिलीस ही शरीरातील सर्वांत जाड कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, टेंडन) बनते आणि ती टाचेच्या हाडाला जाऊन चिकटते. या पट्ट्यात दुखू लागले तर ते निदान चार-पाच निरनिराळ्या गोष्टींपैकी काहीही असू शकते. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर कंडरा जाड होऊन दुखू शकते. ती हाडाला चिकटते नेमक्या त्याच जागी दुखू शकते. पोटरीच्या आतल्या बाजूला स्नायूचे तंतू फाटलेले असू शकतात, कंडरा पूर्ण तुटलेली असू शकते, किंवा दुखणे स्नायूचे नसून पोटरीतल्या खोल शिरेत, म्हणजे रक्तवाहिनीत, धरलेल्या रक्ताच्या गुठळीचे असू शकते. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. काहींचा तर परस्परविरुद्ध आहे. सगळ्यांना ‘आखडणे’ म्हटले की निदानाची पायरीच गळून पडते.

‘डॉक्टरकडे जाण्याची गरज नाही’ हे वाक्य म्हणूनच सर्वांत आधी खोडले पाहिजे. एका पायाची पोटरी सुजली आहे, दाबल्यावर दुखते, कातडी गरम किंवा लालसर वाटते, आणि अलीकडे लांबचा विमानप्रवास, शस्त्रक्रिया किंवा पाय प्लास्टरमध्ये असणे असे काही घडले आहे, तर तिथे तेल लावून रगडणे हा सर्वांत वाईट उपाय ठरतो, कारण शिरेतील गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दोन्ही पोटऱ्यांच्या घेरात तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असणे हे गुठळीची शक्यता मोजताना डॉक्टर विचारात घेत असलेल्या खुणांपैकी एक आहे आणि ते घरी शिंप्याच्या टेपनेही मोजता येते. मात्र घेर सारखा आला म्हणून गुठळी नाहीच, असा उलटा निष्कर्ष काढू नये. आखातातून किंवा युरोपातून सुट्टीवर घरी येऊन दुसऱ्याच दिवशी सायकल काढणारे आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. सोबत श्वास लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर वाट न पाहता १०८ला फोन करावा.

कंडरा पूर्ण तुटण्याचे प्रमाण सायकलवर कमी आहे. ते बॅडमिंटन किंवा फुटबॉलच्या मैदानावर अधिक घडते. पण आपले बरेच सायकलस्वार संध्याकाळी तेही खेळतात. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि मागे वळून पाहिले तर कोणीच नसते. त्यानंतरही माणूस लंगडत चालू शकतो आणि पाऊल थोडेफार खाली दाबू शकतो, कारण इतर स्नायू ते काम अर्धवट करतात. त्यामुळे ही दुखापत ‘मुरगळले असेल’ म्हणून अनेकदा निसटते. पालथे झोपवून पोटरी हाताने दाबली असता पाऊल हलते की नाही, ही तपासणी अस्थिरोगतज्ज्ञ अर्ध्या मिनिटात करतो. इथे दिरंगाईची किंमत मोठी असते, कारण शस्त्रक्रिया करायची की पाय घोटा स्थिर ठेवणाऱ्या खास बुटात ठेवून कंडरा सांधू द्यायची हा निर्णय पहिल्या काही दिवसांतच घ्यायचा असतो. हे दोन्ही मार्ग खुले असतात. नॉर्वेतील ५५४ रुग्णांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर पायाच्या कार्यक्षमतेत दोन्हींमध्ये फरक आढळला नाही; मात्र पुन्हा तुटण्याचे प्रमाण शस्त्रक्रिया न केलेल्यांत ६.२ टक्के, तर केलेल्यांत ०.६ टक्के होते.

सायकलवाल्यांना हे होतच नाही, या विधानात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच ते पटते. धावताना अकिलीसवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. पेडल मारताना तो त्याच्या अगदी थोड्या अंशाइतका असतो. पण मिनिटाला नव्वद फेऱ्या धरल्या तर तासाला प्रत्येक पाय ५४०० वेळा तोच भार घेतो, आणि चूक फेरीत असेल तर तीही तितक्याच वेळा होते. सीट फार उंच असेल तर खालच्या टोकाला पाय पोहोचवण्यासाठी बोटे खाली रोखावी लागतात आणि पोटरी सतत आकसलेली राहते. सीट फार खाली असेल तर टाच खाली दबते आणि कंडरा ताणलेल्या अवस्थेत भार घेते. क्लीट (बुटाच्या तळाला बसवलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) बोटांकडे फार पुढे बसवलेली असेल तर घोट्यापासून पेडलपर्यंतचे अंतर वाढते आणि तेच पेडल दाबायला पोटरीला अधिक जोर लावावा लागतो. काही मिलिमीटर मागे घेतलेल्या क्लीटने बऱ्याच जणांचे दुखणे हलके होते. बुटाची मागची कडक कड टाचेच्या हाडावर घासत असेल, तर तिथली द्रवाची पिशवीही सुजू शकते.

आपल्याकडे याहून मोठे कारण हंगामाचे आहे. जूनपासून पावसाने सायकल भिंतीला टेकते, चतुर्थी होते, आणि मग एकदम शनिवार-रविवारच्या शंभर किलोमीटरच्या राइड सुरू होतात, त्याही साखळी शहराहून चोर्ल्याच्या चढावर जड गिअरात. चार महिन्यांत कंडरेची भार घेण्याची क्षमता घटलेली असते आणि मागणी एका आठवड्यात दुप्पट होते. हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात. कंडरा बदलायला महिने घेते.

इथूनच सहा आठवड्यांच्या पूर्ण विश्रांतीचा दावा कोसळतो. नुकताच फाटलेला स्नायू आणि पूर्ण तुटलेली कंडरा या गोष्टी वेगळ्या. पण कंडरेच्या जुनाट दुखण्यात विश्रांतीने दुखणे कमी होते आणि क्षमता आणखी घटते. म्हणून सातव्या आठवड्यात माणूस पुन्हा घाटात जातो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लंगडतो, आणि मग संदेशातली पुढची पायरी, म्हणजे इंजेक्शन, त्याला पटू लागते. स्वीडनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या प्रश्नाची थेट परीक्षा झाली. अकिलीस दुखणाऱ्या ३८ जणांना एकच व्यायामक्रम दिला गेला. निम्म्यांना पहिले सहा आठवडे धावणे-उड्या मारणे बंद ठेवायला सांगितले, उरलेल्यांना दुखण्याच्या मर्यादेत ते चालू ठेवू दिले. दोन्ही गट सारखेच सुधारले. खेळ चालू ठेवल्याने नुकसान झाले नाही. मर्यादा अशी होती की शून्य ते दहाच्या मापावर दुखणे पाचाच्या वर जाऊ नये, दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वपदावर यावे आणि आठवड्यागणिक वाढू नये. सायकलस्वाराला हे माप फार उपयोगी पडते. पणजीहून जुन्या गोव्याला सपाट रस्त्याने हलक्या गिअरात जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बिछान्यातून उतरताना टाच नेहमीइतकीच आखडलेली वाटली, तर तेवढे चालवणे ठीक आहे. आल्तिनोचा चढ उभ्याने चढल्यावर सकाळची पहिली दहा पावले अवघड गेली, तर चढ थांबवायचा, सायकल नव्हे.

विश्रांतीच्या जागी काय हवे, हेही गेल्या पाव शतकात बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. हाकान आल्फ्रेडसन या स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञाने १९९८ साली पंधरा हौशी खेळाडूंवर बारा आठवड्यांचा क्रम वापरला: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली नेणे, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा. म्हणजे दिवसाला १८०. दुखले तरी करायचे आणि दुखणे कमी झाले की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचे. शस्त्रक्रियेच्या रांगेत असलेले ते सारे पुन्हा धावू लागले. पुढे २०१५ साली डेन्मार्कमधील एका चाचणीत आठवड्यातून तीनदा जड वजन घेऊन सावकाश टाच उचलण्या-उतरवण्याचा क्रमही तितकाच उपयोगी ठरला, आणि रोज १८० आवर्तनांच्या कंटाळ्यातून सुटका झाली. पद्धत कोणतीही निवडली तरी गाभा एकच आहे: कंडरेला भार द्यायचा, हळूहळू वाढवायचा आणि निदान तीन महिने सोडायचा नाही. गुडघा वाकवून करायचा भाग सायकलस्वारांनी टाळू नये, कारण त्यात सोलियसवर भार येतो आणि पेडल मारताना गुडघा कधीच पूर्ण सरळ नसतो. केवळ सायकल चालवत राहून हे साधत नाही, कारण कंडरा बळकट करण्यासाठी तिच्यावरचा भार अपुरा पडतो.

मालीश आणि ताण यांच्याबद्दल संदेश सर्वांत ठाम आहे, आणि तिथेच सर्वांत चुकतो. पोटरीत अचानक दगड लागल्यासारखी कळ आली आणि दोन-तीन दिवसांत निळसर डाग घोट्याकडे उतरला, तर स्नायूचे तंतू फाटलेले आहेत. पहिल्या दिवसांत तिथे जोर लावून रगडणे किंवा ताणणे म्हणजे सांधू पाहणारी जागा पुन्हा उसवणे. त्या काळात दाबपट्टी, पाय उंच ठेवणे, लंगडणार नाही इतपतच चालणे, आणि मग हळूहळू स्नायूला काम देणे, एवढेच योग्य. दुखणे टाचेच्या हाडालगत असेल तर पायरीवरून टाच खाली सोडण्याने आणखी बिघडते, कारण पाऊल वर वळले की कंडरा हाडाच्या कडेवर दाबली जाते. अशा रुग्णांनी टाच जमिनीच्या पातळीखाली न नेता व्यायाम करावा, हा बदल २००८ साली अभ्यासातून पुढे आला आणि त्याने त्यांचे निकाल सुधारले. म्हणजे जी पायरी मधल्या भागाच्या दुखण्यात औषध ठरते, तीच दोन बोटे खालच्या दुखण्यात अपाय करते. तेलाच्या हलक्या मालिशीने बरे वाटत असेल तर जुनाट दुखण्यात ती जरूर करावी. तिने कंडरा बळकट होत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

एमआरआयविषयी फार लिहिण्याची गरज नाही. कंडरेचे दुखणे मुख्यतः विचारपूस आणि हाताने तपासणी यांवरून ओळखता येते, आणि खात्रीसाठी बहुधा सोनोग्राफी पुरते. काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या चित्रांतही कंडरेत बदल दिसतात, त्यामुळे अहवालातले भयावह शब्द वाचून धीर सोडू नये.

इंजेक्शनचा मुद्दा मात्र गंभीर आहे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे दुखणे थांबते, आणि कंडरेतच किंवा तिच्या आसपास दिलेले ते तिला कमकुवत करून तुटण्याचा धोका वाढवू शकते. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट काढून टोचण्याचा महागडा उपचार अलीकडे लोकप्रिय आहे. पण २०१० साली नेदरलँड्समधील ५४ रुग्णांत तो मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरला नाही, आणि २०२१ साली ब्रिटनमधील २४० रुग्णांत केवळ सुई टोचण्याच्या नाटकापेक्षाही नाही. यात आपल्या राज्याची एक गोष्ट विसरून चालणार नाही. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के आढळले. मधुमेहात कंडरा जाड आणि कडक होते, ती सावकाश भरून येते, आणि स्टिरॉइडने साखर चढते. चाळिशीनंतर टाच दुखू लागलेल्या सायकलस्वाराने एमआरआयच्या आधी साखर तपासलेली बरी. संदेशात नसलेली आणखी एक बाब: सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातील अँटिबायोटिकांनी कंडरा दुखू शकते, तुटूही शकते, अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली त्यांच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. जुलाबासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेण्याची सवय असलेल्यांनी, अलीकडे त्या घेतल्या असतील तर, डॉक्टरांना हे आपणहून सांगावे.

राहिला बेळगाव-मुंबईचा प्रश्न. तुटलेली कंडरा किंवा गुठळीचा संशय यांसाठी बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचा आझिलो आणि मडगावचा हॉस्पिसियो ही सरकारी इस्पितळे आहेत. फोंडा किंवा डिचोलीहून बांबोळीला पोहोचणे हे बेळगावच्या घाटात दुखरा पाय घेऊन बसण्यापेक्षा केव्हाही बरे. आणि उरलेल्या बहुसंख्य दुखण्यांना लागणारी सामग्री म्हणजे एक पायरी, एक पिशवी आणि तांदळाची काही किलो वजने. लागतो तो क्रम ठरवून देणारा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी तो वाढवणारा फिजिओथेरपिस्ट, आणि तो राज्यातल्या जवळपास प्रत्येक शहरात मिळतो. त्याच्याकडे जाताना सायकलचे बूट क्लीटसह सोबत न्यावेत, सीटवर बसलेला आपला बाजूने काढलेला व्हिडिओ न्यावा आणि गेल्या दोन महिन्यांत किती किलोमीटर, किती चढ चालवला याची नोंद न्यावी. त्याने दहा बैठका केवळ शेक आणि मशीन लावून काढल्या आणि एकदाही टाच उचलायला लावली नाही, तर अकराव्या बैठकीला दुसरा फिजिओथेरपिस्ट शोधावा.