ज्वालामुखीच्या नावावर मांडलेला कार्बन

‘एक मोठा ज्वालामुखी फुटला, की माणसाने शंभर वर्षांत सोडला नसेल एवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, मग तापमानवाढीचे खापर आमच्या गाड्यांवर आणि वीजकेंद्रांवर कशाला?’ अशा आशयाचा मजकूर गेली अनेक वर्षे व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्याच्या शेपटीला आणखी चार दावे जोडलेले असतात: हा वायू हवेत जेमतेम ०.०४ टक्के आहे, हवामान पूर्वीही बदलत होते, खरे कारण सूर्य आहे आणि एखाद्या अंशाने काही बिघडत नाही. या सर्वांत ज्वालामुखीचा दावा सर्वाधिक ठाम असल्यामुळे त्याचीच तपासणी आधी आणि सविस्तर करावी लागते.

जमिनीवरचे आणि समुद्रतळावरचे सर्व ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनांहून कमी कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, तर कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू आणि सिमेंट यांतून माणूस दरवर्षी सुमारे ३७ अब्ज टन सोडतो. दावा खरा असता, तर १९९१ साली फिलिपाइन्समधील पिनाटुबोच्या प्रचंड उद्रेकानंतर या वायूचे प्रमाण एकदम उसळलेले दिसायला हवे होते. प्रत्यक्षात पुढची एक-दोन वर्षे त्याच्या वाढीचा वेग मंदावला आणि उद्रेकातील गंधकयुक्त कणांनी सूर्यप्रकाश अडवल्यामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. हवेतील कार्बन डायऑक्साइडची ही मोजणी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून सुरू आहे. चार्ल्स कीलिंग यांनी ती सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता, २०२४ मध्ये तो ४२० च्या पुढे गेलेला आहे. मौना लोआ हा स्वतःच ज्वालामुखी आहे, हे आक्षेपकांच्या हाती लागलेले आवडते कोलीत. पण तीच वाढ दक्षिण ध्रुवावरच्या नोंदींतही दिसते आणि तिथल्या बर्फाच्या पठारावर धूर ओकणारे विवर नाही.

सह्याद्रीच्या कातळाचा दाखलाही या संदर्भात दिला जातो. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकातून आला, हे खरेच आहे. मात्र लाव्ह्याचे ते थर काही लाख वर्षांच्या अवधीत साचलेले आहेत आणि त्यातून निघालेल्या वायूची वर्षाला पडणारी सरासरी आजच्या मानवी उत्सर्जनाच्या जवळपासही पोहोचत नाही.

हवेतला वाढीव कार्बन कोठून आला, हे केवळ बेरीज-वजाबाकीवर अवलंबून नाही, कारण कार्बनच्या अणूंवरून त्याचे मूळ ओळखता येते. वनस्पती प्रकाशसंश्लेषणात जड कार्बन-१३ पेक्षा हलका कार्बन-१२ अधिक उचलतात. कोळसा आणि तेल प्राचीन सजीवांपासूनच बनलेले असल्याने त्यांच्यातही कार्बन-१३ कमी असतो. हवेतील कार्बन-१३ चे प्रमाण सतत घटत आहे, आणि ज्वालामुखीच्या वायूमुळे अशी घट होऊ शकत नाही. मग हा कार्बन आजची जंगले तोडल्याने तर आलेला नाही ना, अशी रास्त शंका उरते. तिचे उत्तर किरणोत्सारी कार्बन-१४ देतो: त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा अंश नष्ट व्हायला लागणारा काळ, सुमारे ५,७०० वर्षे असल्याने कोट्यवधी वर्षे गाडलेल्या इंधनात तो शिल्लकच नसतो, आजच्या झाडांत मात्र असतो, आणि हवेतील त्याचे प्रमाण विरळ होत असल्याचे हान्स सूस यांनी १९५० च्या दशकातच दाखवले होते. तिसरा पुरावा ऑक्सिजनचा आहे. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, ज्वालामुखीतून वायू बाहेर पडायला लागत नाही. कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ यांनी ऑक्सिजनची अचूक मोजणी सुरू केली आणि तो जळणाच्या हिशेबाशी जुळेल अशा रीतीने कमी होताना आढळला.

०.०४ टक्के हा आकडा बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीतून उत्सर्जित होणारी उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत. ते काम पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड यांसारखे अल्प प्रमाणातील वायू करतात, हे जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत दाखवून दिले होते. औद्योगिक युगापूर्वी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांत २८० होते, म्हणजे आतापर्यंत त्यात निम्म्याने भर पडली आहे.

सूर्याचा मुद्दा लवकर निकाली निघतो. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत आणि तिच्यात तापमानाशी जुळणारी वाढ नाही. शिवाय सूर्य प्रखर झाला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. स्थितांबर हा वरचा थर मात्र थंड होत आहे.

हवामान पूर्वी बदलत होते, हे कोणी नाकारतच नाही. शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी सुमारे पाच अंशांनी तापली, पण त्याला काही हजार वर्षे लागली. आता एक अंशाहून अधिक वाढ दीडशे वर्षांत झाली आहे.

सकाळ-दुपारच्या तापमानात दहा अंशांचा फरक आपण सोसतोच, मग एका अंशाचे काय, असे शेवटी विचारले जाते. पण ही सरासरी साऱ्या पृथ्वीची असते, आणि एका अंशाने तापलेली हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यासाठी लागणारे जादा बाष्प तापलेल्या अरबी समुद्रावरून आले. मोसमातील एकूण पाऊस याच काळात कमी झाला होता.