पिवळं बाळ, लाल लंगोट आणि कोवळं ऊन

नाशिकच्या आयांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बाळाची कावीळ म्हणजे यकृतातली उष्णता, आईनं गरोदरपणी गरम खाल्ल्यामुळे. लघवी लाल झाली तरी घाबरू नका. दवाखान्यातल्या निळ्या दिव्यांनी बाळ भाजतं. त्यापेक्षा रोज कोवळ्या उन्हात उघडं झोपवा, घुटी चाटवा.’ नवजात बाळांच्या कक्षात काम करते, म्हणून गप्प बसवत नाही.

दिव्यांनी भाजतं? एका आजारात हो. हान्स गुंथर यांनी १९११ मध्ये नोंदवलेला जन्मजात एरिथ्रोपोएटिक पॉर्फिरिया, अत्यंत दुर्मिळ. हीम म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा घटक; तो तयार करणारं एक एन्झाइम कमी पडतं आणि पॉर्फिरिन, म्हणजे हीम बनतानाचा अर्धवट पदार्थ, हाडांच्या मज्जेत, तांबड्या पेशींत, कातडीत साठतं. ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळट उजेड ते सर्वांत जास्त शोषतं आणि कातडीवर फोड येतात. पण हाच उजेड उन्हातही असतो, खिडकीच्या काचेतूनही येतो. म्हणजे ज्या बाळाची भीती घालून दिवे बंद करायला सांगताय, त्यालाच उन्हात टाकताय! बाकी बाळांना दिवे लागतात तेव्हा लागतातच. बिलिरुबिन (कावीळीत रक्तात वाढणारा पिवळा पदार्थ) फार चढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, ऐकू येणं जाऊ शकतं. आणि निफाडकडच्या थंडीत पहाटे उघडं बाळ गारठतं, ते वेगळंच.

लाल लघवीचं म्हणाल, तर लंगोट नीट बघा. पहिल्या काही दिवसांत विटेच्या भुकटीसारखे नारिंगी डाग दिसतात. ते बहुधा युरेटचे, म्हणजे लघवीतल्या एका क्षाराचे स्फटिक, दूध वाढलं की जातात. पण दर वेळी अख्खा लंगोट गुलाबी किंवा गडद लाल भिजत असेल, तर दिव्याखाली ठेवण्याआधीच डॉक्टरांना दाखवा. पॉर्फिरिन असेल तर अंधारात वूड्स लॅम्प (अतिनील उजेडाचा दिवा) धरल्यावर तो डाग लालसर चमकतो. खात्री मात्र लघवी-रक्ताच्या आणि जनुकाच्या तपासणीनंच होते.

यकृतात ‘उष्णता’ नसते. पॉर्फिरियाच्या या आजारात तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते, प्लीहा वाढते. काही बाळांचं यकृतही सुजतं, पित्त अडतं. पुढे वारंवार रक्त चढवावं लागलं की यकृतात लोह साचतं. म्हणून कावीळ १४ दिवसांनंतरही राहिली किंवा शी पांढरट झाली, तर डायरेक्ट बिलिरुबिन (यकृतातून पित्तात जाणारं बिलिरुबिन) लगेच तपासून घ्या. पित्तनलिकाच बंद असेल (हा निराळा आजार), तर ऑपरेशन ६० दिवसांच्या आत झालेलं बरं. घुटीत दिवस घालवू नका. सहा महिने आईचंच दूध.

राहिलं आईचं खाणं. हे वाचून माझा जीव तुटतो. ओल्या बाळंतिणीला आधीच कमी बोल लागतात का? या पॉर्फिरियाचं दोष असलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. दोघं वाहक असतील तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

आणि लघवीचा नमुना नेताना डबीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. उजेडात पॉर्फिरिन विघटतं, रिपोर्ट चुकू शकतो.