बंद पडलेलं सामान भंगारवाल्याला द्यायच्या आधी पोरांच्या हातात द्या

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. ताट्या बदलतात, टाकी घासली जाते, पंप लावून पाहतात. आणि कुणाच्या तरी घरी मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. एप्रिलमध्ये मेकॅनिक फोन उचलत नाही, मग नवी मोटर आणली जाते आणि जुनी जाते भंगारात.

माझं स्पष्ट मत आहे, आठवी-नववीतल्या प्रत्येक मुलामुलीला हा बिघाड शोधता आला पाहिजे. आधी प्लग काढायचा. पातं हाताने फिरवून पाहायचं. अडकत असेल तर बुश किंवा बेअरिंग गेलं. मोकळं फिरत असेल तर पहिला संशय कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून सोडणाऱ्या छोट्या डबीवर. सिंगल फेजची ही मोटर आपली आपण सुरू होत नाही; दुसऱ्या वाइंडिंगला कपॅसिटरमधून जरा पुढे सरकलेला करंट मिळाला तरच तिला गती येते. सीलिंग फॅनचंही हेच, तिथे बहुतेक 2.5 मायक्रोफॅरडचा असतो. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, हा पार्ट नव्या मोटरच्या मानाने अगदी किरकोळ पैशांत मिळतो.

सुट्टीत भाची आली होती, तिला बंद पडलेली इस्त्री उघडायला दिली. "मावशी, काहून फेकता जी, चालू होईल ना!" असं तीच म्हणाली होती. आतली वाकडी पट्टी दिसल्यावर ती थांबली. दोन धातूंची पट्टी, एक जास्त प्रसरण पावतो, एक कमी, म्हणून तापली की वाकते आणि संपर्क तुटतो. हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहूनही आली होती. पण थर्मोस्टॅटची दांडी फिरवून तो बारीक 'खट्' आवाज ऐकला, तेव्हा तिचे डोळे चमकले. पट्टी शाबूत होती. वायर मुठीजवळ आतून तुटलेली होती, तार सलग असेल तर वाजणाऱ्या मल्टीमीटरची बीप तिथेच बंद झाली. ती तार तिनेच शोधली.

शाळेत प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच माहीत असतं, जर्नलमध्ये आकडे जुळवले की झालं. बिघडलेल्या मिक्सरचं उत्तर कुणालाच माहीत नसतं. सॉकेटपासून सुरुवात करावी लागते: सप्लाय येतो का, वायर धड आहे का, खालचं ओव्हरलोडचं लाल बटण दाबून पाहिलं का, कार्बन ब्रश झिजलेत का. एकेक शक्यता खोडत जायची. ही शिस्त गणितातही लागते आणि डॉक्टरकीतही.

आपल्याकडे तर हा जिवाचा प्रश्न आहे. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, पेपरात बातम्या येतात. तीन पिनांच्या टॉपमधली, म्हणजे प्लगमधली, वरची अर्थिंगची पिन जाड आणि लांब का असते, हे ज्या पोराने टॉप उघडून पाहिलं आहे, ते अर्थिंगची वायर कापून दोन पिनांचा टॉप लावणार नाही. पाणी भरताना प्लग काढायला आजीलाही तेच सांगेल. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवा म्हणून बापाच्या मागेही लागेल.

कंपन्यांवर माझा राग आहे. झाकणं गोंदाने चिकटवतात, आपल्या पेचकसने उघडणारच नाहीत असे स्क्रू लावतात. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं. पण ज्याला उघडायची सवयच नाही, तो हा हक्क मागणार तरी कशाला?

मायक्रोवेव्ह आणि जुना डब्यासारखा टीव्ही मात्र मुलांना अजिबात उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा व्होल्टेज साठून राहू शकतो. इन्व्हर्टर आणि फुगलेली मोबाइल बॅटरीही नको. इस्त्री, मिक्सर, पंखा, कूलरचा पंप, रेडिओ यांपासून सुरुवात करा. ज्याच्यात बॅटरी आहे ती आधी काढा, प्लग मुलाच्याच हातात द्या म्हणजे तो लावलेला नाही याची त्याला खात्री राहील, आणि पहिल्या दिवशी मोठ्यांपैकी कुणीतरी शेजारी बसा. एक साधा मल्टीमीटर, दोन पेचकस आणि स्क्रू ठेवायला एक वाटी, एवढं पुरतं.