माणूस कामावर दाखवा की राव

मराठी सिरीयलमधला हिरो नक्की काय काम करतो हे मला कोणीतरी एकदा समजावून सांगा. कंपनी असते, काचेची केबिन असते, शंभर कोटींची डील असते, टेंडर तर असतंच असतं आणि त्या टेंडरची फाईल घरातलीच एक बाई पदराखाली लपवून नेते. पण कंपनी बनवते काय? स्क्रू बनवते, साबण बनवते का नुसत्या फायलीच बनवते? एवढ्या मोठ्या कंपनीत एक स्टोअरकीपर नाही, डिस्पॅचवाला नाही, पगाराला उशीर झाला म्हणून कुरकुरणारा एक ऑपरेटर नाही. सून डॉक्टर असते पण हॉस्पिटलमध्ये दिसते ती सासरे जिन्यावरून पडले तरच. आई रोज बघते म्हणून जेवता जेवता मीपण बघतो आणि दर वेळी विचारतो, आज हा ऑफिसला गेला नाही का, तर आई म्हणते तू गप जेव.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. त्यामुळे असेल किंवा वय झालं म्हणून असेल, पण हल्ली पिक्चर, वेब सिरीज, गेम काहीही लावलं की माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं, हा माणूस पोटासाठी काय करतो आणि ते करताना आपल्याला दाखवलाय का. प्रेम, बदला, जग वाचवणं सगळं चालू दे, माझी हरकत नाही. पण जो पिक्चर मला एखाद्याचं काम नीट दाखवतो तो मी विसरत नाही, आणि जो दाखवत नाही त्याची स्टोरी आठवड्यात डोक्यातून जाते.

या बाबतीत माझ्यासाठी सगळ्यात वर 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा, 2014 ला व्हेनिसला दाखवला, तिथे बक्षिसं मिळाली, मग आपल्याकडे नॅशनल अवॉर्डपण मिळालं. थेटरात बरेच लोक कंटाळले होते हे मला माहितीये, माझ्या शेजारचा तर झोपला होता. पण राव, ती सरकारी वकील! गीतांजली कुलकर्णी. कोर्टात कलमं अशी भराभर वाचते की जणू किराणा दुकानात यादी वाचून दाखवतेय, एका म्हाताऱ्या शाहिरावर केस चालू आहे, त्याच्या गाण्यामुळे एका गटार कामगाराने जीव दिला असा आरोप, आणि हिच्या चेहऱ्यावर काही नाही. मग ती लोकलने घरी जाते, साडीच्या गप्पा मारते, पोराला घेते, घरी येऊन स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. रविवारी कुटुंबासोबत नाटक. ती वाईट बाई नाहीये हो, तीच तर भीती आहे. तिला घरी जायचंय. समोरच्याला वीस वर्षं दिली तर एक केस कमी होईल असं ती सहकाऱ्यांशी बोलताना सहज बोलून जाते आणि आपण हसतो, मग आपल्यालाच कसंतरी होतं. हिंदी पिक्चरमधल्या कोर्टात टेबलावर हात आपटून भाषणं देणारे वकील बघून वाढलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा कळतं की कोर्ट हेसुद्धा एक ऑफिस आहे, तिथे तारीख मिळते, कागद नसतो, साक्षीदार येत नाही आणि जजसाहेब बाईने बिनबाह्यांचं घातलंय म्हणून तिची केसच ऐकत नाहीत.

आणि त्यातली ती मेलेल्या कामगाराची बायको. ती साक्षीत सांगते की गटारात उतरायच्या आधी तो आत खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे. एवढंच सांगते, पार्श्वसंगीत नाही, रडारड नाही. मी क्वालिटीत रोज मोजमापाची साधनं बघतो, त्यांची कॅलिब्रेशनची, म्हणजे ती बरोबर मोजतात का हे तपासल्याची तारीख बघतो, आणि इथे एका माणसाचं गॅस मोजायचं साधन म्हणजे झुरळ. त्या एका वाक्यासाठी मी तो पिक्चर परत परत लोकांना बघायला लावतो.

त्यामुळे 'परफेक्ट डेज' सगळ्यांना जितका आवडला तितका मला आवडला नाही. आता शिव्या पडतील. विम वेंडर्सचा आहे, 2023 चा, टोकियोत सार्वजनिक संडास साफ करणारा हिरायामा, कोजी याकुशोला कान्सला बेस्ट ॲक्टर मिळालं आणि ते बरोबरच मिळालं, माणूस तोंडातून शब्द न काढता पिक्चर ओढून नेतो. छोटा आरसा घेऊन भांड्याच्या खालची कड तपासतो ते बघून तर मला आमच्या लाईनवर असा एक माणूस पाहिजे असं झालं. पण ते संडास बघितलेत का तुम्ही? नामांकित आर्किटेक्टनी बांधलेले, आतून कडी लावली की काच धूसर होते, आणि हा यायच्या आधीच ते आपल्या एसटी स्टँडच्या मानाने देवघर असतात. मुळात त्या संडासांच्या प्रोजेक्टवर काहीतरी करा म्हणून वेंडर्सला बोलावलं होतं, ते कळलं की मग घाण का दिसत नाही तेही कळतं. बरं, साधेपणातलं सुख, झाडातून येणारं ऊन, जुन्या कॅसेटी, सगळं छान, पण हे सुख आपल्याकडच्या सफाई कामगाराला दाखवा आणि विचारा. 2013 ला हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदीचा कायदा झाला तरी माणसं अजून गटारात उतरतात.

तरी दोन जागा मला पटल्या. एक, हरवलेल्या पोराला तो हात धरून आईकडे नेतो आणि आई आभार मानायच्या ऐवजी पोराचा हात ओल्या टिश्यूने पुसते. दुसरी, कामावरचा जोडीदार काम सोडून पळतो, याच्यावर डबल ड्युटी पडते आणि हा शांत माणूस पहिल्यांदा फोनवर चिडतो, हे रोज जमणार नाही म्हणतो. तिथे मला वाटलं हां, आता हा नोकरीला आहे. दोन तासांच्या पिक्चरमध्ये असं अजून हवं होतं.

गेम खेळणाऱ्या पोरांना मी काका लोकांतला वाटतो पण एक गेम मी सगळ्यांना सांगतो, 'पेपर्स, प्लीज'. 2013 ला आला, लुकास पोप नावाच्या एकट्या माणसाने केलाय, ग्राफिक्स बघून हसाल. आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, 1982 साल, तुम्ही बॉर्डरवरचे कारकून. लोक पासपोर्ट घेऊन येतात, तुम्ही तारीख बघायची, फोटो बघायचा, शिक्का बघायचा, हिरवा नाहीतर लाल ठप्पा मारायचा. बस. माणशी पाच क्रेडिट मिळतात. घरी बायको, पोरगा, सासू आणि एक काका, भाडं द्यायचं, जेवण, हीटिंग, औषध. रोज सकाळी वरून नवीन नियम येतो, काल चालणारा कागद आज चालत नाही. पहिल्या दोन चुकांना नुसती चिठ्ठी, मग पैसे कापतात. आणि मग एक नवरा येतो, त्याचे कागद ठीक, जाताना म्हणतो माझी बायको मागे आहे तिला जरा सांभाळून घ्या, आणि बायकोकडे परमिट नसतं. आता तुम्ही काय करणार? घरी पोरगा आजारी आहे. वर एक गार्ड येऊन सांगतो, जास्त लोकांना पकडून दे, मला बोनस मिळतो, तुलाही देतो. मी सुरुवातीला अगदी तत्त्वाने वागलो आणि आठवड्याभरात नुसते पैसे मोजायला लागलो.

हे मला इतकं लागलं कारण आमच्याकडे महिन्याच्या 28 तारखेनंतर असंच असतं. पार्टला मी होल्ड टॅग, म्हणजे पाठवू नका अशी चिठ्ठी लावलेली असते, डिस्पॅचवाला येतो, गाडी गेटवर उभी आहे, कस्टमरची लाईन थांबेल, डेव्हिएशनवर, म्हणजे मापात सूट देऊन सोडून द्या ना साहेब, सही तुमची फक्त. जीव जात नाही कोणाचा, पण हातातला ठप्पा जड होतो तो तसाच. असली गोष्ट मला एकाही पिक्चरने इतकी नीट सांगितली नाही, कारण पिक्चरमध्ये ठप्पा दुसरा कोणीतरी मारतो.

लुकास पोपचाच 2018 चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' पण भारी आहे, जहाजावरची 60 माणसं कोण नि कुठे गेली हे शोधायचं, पण तुम्ही डिटेक्टिव्ह नाही, ईस्ट इंडिया कंपनीचे विम्याचे निरीक्षक! म्हणजे एवढी माणसं मेली आणि तुमचं काम काय, तर क्लेमचं पुस्तक भरणं. हिंदुस्थानी खलाशीपण आहेत त्यात. बाकी सांगत नाही, सांगितलं तर मजा जाते.

ग्रामपंचायतीच्या सचिवावरच्या 'पंचायत' सिरीजचा पहिला सीझन याच कारणासाठी आवडला होता. खुर्ची कोणाची, सोलरचा दिवा कोणाच्या दारात, मॉनिटर चोरीला गेला, कुटुंब नियोजनाच्या घोषणेवरून गाव पेटलं. ग्रामसेवकाच्या टेबलावर हेच असतं. पुढे पुढे आमदार, राडा, निवडणूक वाढत गेलं आणि सचिवजींचं ऑफिस मागे पडलं. बघतो अजून, पण पहिल्यासारखं नाही. सेल्समनवरचा 'रॉकेट सिंग' पिक्चर 2009 ला आला तेव्हा पडला, आज तोच सेल्समधली पोरं एकमेकांना सांगतात, यातच काय ते आलं.

अणुभट्टीच्या स्फोटावरच्या 'चेर्नोबिल' सिरीजबद्दल सगळं लिहून झालंय लोकांचं, 2019, पाचच भाग, पाणी न घालता संपवली हे आधी त्यांचे उपकार. त्यात इतिहास थोडा हलवलाय, ती शास्त्रज्ञ बाई काल्पनिक आहे, हेलिकॉप्टर पडलं ते प्रत्यक्षात काही महिन्यांनी पडलं, चालतं. मला आठवतो तो छपराचा सीन. प्रत्येकाला 90 सेकंद, फावडं घ्यायचं, भट्टीतून उडालेलं किरणोत्सारी ग्रॅफाईट उचलून खाली टाकायचं आणि पळत आत यायचं. कॅमेरा त्या सैनिकासोबतच राहतो, तो धडपडतो, बूट फाटतो, आणि परत आल्यावर त्याला सांगतात झालं तुझं काम. शौर्याचं भाषण नाही. आणि ते खाणकामगार, मंत्र्याच्या स्वच्छ सुटावर काळे हात पुसत जातात! थेटर असतं तर शिट्टी मारली असती.

ताम्हाणेचाच 'द डिसायपल', 2020 चा. लोक म्हणतात गाण्यावरचा पिक्चर, मला तर तो सरळ नोकरीवरचा वाटतो. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रियाज करतो, गुरुजींचे पाय चेपतो, त्यांना डॉक्टरकडे नेतो, जुन्या टेपांच्या सीडी करून विकतो, आणि हे सगळं करूनही गाणं तेवढं येत नाही म्हणजे नाहीच. मेहनत केली की यश मिळतं हे कोणीतरी इतक्या सरळपणे नाकारलेलं मी दुसरीकडे बघितलं नाही. रात्री बाईकवरचे ते संथ सीन मात्र दोन कमी चालले असते.

सुट्टीच्या दिवशी मी 'युरो ट्रक सिम्युलेटर 2' खेळतो, 2012 चा गेम आहे, चेक कंपनीने केलाय, बायकोला कळत नाही की यात मारामारी नाही, शर्यत नाही, मग आहे काय. माल उचल, सिग्नल पाळ, झोप आली की थांब, दंड भर, कर्ज काढून ट्रक घे. माझे मामा आयुष्यभर ट्रकवर होते. दिवाळीला आले तेव्हा मागे बसून अर्धा तास बघत होते. आरसे भारी दाखवलेत म्हणाले. मग विचारलं, माल खाली करायला गाडी दोन दोन दिवस उभी राहत नाही का यात? नाही म्हटलं, पार्क केली की लगेच पैसे. मामा म्हणाले मग हा ट्रकचा खेळ नाही, नुसता गाडी चालवायचा खेळ आहे, आणि चहा मागायला आत गेले. मामांचं बरोबर आहे, पण तसा गेम कोणी घेणार नाही, मीपण नाही.

हॉटेलच्या किचनवरची सिरीज 'द बेअर' राहिली. पहिल्या सीझनचा सातवा भाग, किचनमध्ये ऑर्डरी छापून छापून येतायत आणि कॅमेरा कट न होता फिरतोय, तो बघताना मला आमच्या ऑडिटचा दिवस आठवून घाम फुटला. दुसऱ्यात त्या हॉटेलातला रिची आठवडाभर दुसऱ्यांच्या हॉटेलात काटेचमचे पुसतो तो भाग तर आमच्या ट्रेनिंगला लावावा असा आहे. तिसऱ्यात सगळे नुसते खिडकीतून बाहेर बघतात. चौथा मी अजून लावला नाही. कोणी बघितला असेल तर एवढंच सांगा, त्यात कोणी जेवण बनवतं का परत सगळे रडतच बसलेत.