‘गोळीने काम झालं, मग हृदय मध्ये कुठून आलं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली तेव्हा राग आला. सकाळी पुन्हा वाचली तेव्हा निम्मी पटली. म्हणून दोन ओळींत न आटोपता जरा ऐसपैस लिहितो.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लिंगाच्या ताठरपणाबद्दलच्या माझ्या लेखाला ‘ताठरपणा कमी होणं ही हृदयाची धोक्याची घंटा’ असं शीर्षक देऊन मी आधीच खजील झालेल्या पुरुषाला घाबरवलं, वर त्याला नपुंसक ठरवलं. दमूनभागून आलेल्या माणसाचं एका रात्री जमलं नाही, तर तो आता ईसीजी काढायला धावेल. मुळात हा नव्वद टक्के मनाचा खेळ. आणि तुमच्या मित्राने ताठरपणाची गोळी घेतली, काम झालं, विषय संपला. मग यात हृदय मध्ये कुठून आलं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, तिथूनच सुरुवात करतो.

ताठरपणा हा शेवटी रक्ताचा मामला. उत्तेजना आली की मज्जातंतूंची टोकं आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. तो फार टिकत नाही, पण तेवढ्यात पेशींमध्ये सीजीएमपी नावाचं रसायन तयार करवतो. ते वाढलं की वाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैलावतात, रक्त आत येतं, आणि रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या गेल्यामुळे तिथेच थांबतं. दुसऱ्या बाजूने पीडीई-५ नावाचं एन्झाइम हे सीजीएमपी सतत मोडत असतं. सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा), टॅडालाफिल या गोळ्या फक्त त्या एन्झाइमला अडवतात.

म्हणजे वर नळ, खाली बादली, आणि बादलीच्या बुडाला भोक. नळाची धार बारीक झाली म्हणून बादली भरेना. तुमच्या मित्राने भोकाला बोळा लावला. बादली भरली. चांगलंच झालं, मी नाक मुरडणार नाही. पण धार का बारीक झाली, हा प्रश्न बोळ्याने सुटत नाही. ती आणखी बारीक झाली की बोळाही पुरत नाही. मधुमेह बरीच वर्षं असलेल्या माणसाला या गोळ्यांचा गुण कमी येतो, त्याचं एक कारण हेच.

आणि नायट्रिक ऑक्साइड सोडणारं ते अस्तर काही तिथल्यापुरतं वेगळं शिवलेलं नसतं. सगळ्या शरीरातल्या वाहिन्यांना आतून तेच. वाढलेली साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू, पोटावरची चरबी यांनी ते बिघडतं तेव्हा सगळीकडेच बिघडतं. फक्त लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. सारखंच किटण साचलं तर आधी तुंबते ती बारीक नळी. हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्या कित्येकांना मागचं विचारलं, तर छातीत दुखायच्या दोन ते पाच वर्षं आधीपासून ही तक्रार होती असं आढळतं. तेवढा काळ हातात असतो, म्हणून लेख लिहिला.

हृदय मध्ये आलं म्हणता, पण ही गोळीच मुळात हृदयासाठी शोधली जात होती. अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणारी कळ, हे सिल्डेनाफिलचं मूळ लक्ष्य. तिथे ती फारशी चालली नाही, आणि चाचणीतल्या पुरुषांनी भलताच परिणाम कळवला. मार्च १९९८ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वर्षी नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड या तिघांना मिळालं, ते नायट्रिक ऑक्साइड रक्ताभिसरणात निरोप्याचं काम करतं या शोधासाठी.

मित्राला मात्र एक निरोप नक्की द्या, आणि तो थट्टेवारी नेऊ देऊ नका. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आणि ही गोळी एकत्र आल्या तर बीपी धाडकन कोसळतं. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास, टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट चालत नाही. अपघात विभागात शेजारी बायको किंवा मुलगा उभा असतो, म्हणून माणूस ही गोळी लपवतो. डॉक्टरच्या कानात सांगा, कागदावर लिहून द्या, पण सांगा.

आता मनाचा मुद्दा. इथे तुमची बाजू माझ्या लेखापेक्षा भक्कम आहे. मी तो दोन वाक्यांत उडवला होता. म्हणून तुमच्याच बाजूचा एक पुरावा देतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयरोगाचं नुकतंच निदान झालेल्या ९६ पुरुषांना अॅटेनोलॉल दिलं, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारं बीटा-ब्लॉकर गटातलं औषध. ताठरपणाची तक्रार कुणालाच नव्हती. एका गटाला औषधाचं नावही सांगितलं नाही, दुसऱ्याला फक्त नाव सांगितलं, तिसऱ्याला नावाबरोबर ‘यामुळे ताठरपणा कमी होऊ शकतो’ हेही सांगितलं. पहिल्या गटात ३२ पैकी एकाची तक्रार आली, दुसऱ्यात पाच जणांची, तिसऱ्यात दहा जणांची. औषध तेच. मनाची ताकद ही एवढी.

पण मन की रक्तवाहिनी, अशी निवड करायला तुम्ही सांगता, तिथे माझं तुमच्याशी जमत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, वय पंचेचाळीसच्या आसपास. बीपीची गोळी बंद करता येईल का, असं सलग दोन भेटींत विचारलं. कारण विचारलं की ‘झोप नीट लागत नाही’. तिसऱ्या वेळी दंडाला पट्टा बांधून मी हवा भरत होतो, दोघांचीही नजर काट्यावर होती. तेव्हा काट्याकडे बघतच ते म्हणाले, ‘घरी जमत नाही हल्ली. गोळीमुळेच. तीन आठवडे झाले, सोडलीय मी.’ आकडा आला १६८ वर १०४. पट्टा सोडला, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोललो, पुन्हा घेतला. तरी १६०.

गोळीमुळे होतंय ही त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. काही जुन्या बीटा-ब्लॉकर आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर तो आळ आहेच. पण गोळी सोडून तीन आठवडे झाले तरी फरक शून्य होता. पहाटेचा ताठरपणाही वर्षभरापासून नव्हता, हे विचारल्यावर कळलं. रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर ७.९. मधुमेह आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ‘मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हणून मी पाठ थोपटून घरी पाठवलं असतं, तर आणखी किती दिवस ठाऊक झालं नसतं कोण जाणे. टेन्शन त्यांना होतंच. साखरही होती.

ढोबळ खूण हवी असेल तर: अचानक सुरू झालं, ठरावीक प्रसंगीच होतं, पहाटे सगळं ठीक असतं, तर मनाकडे बोट जास्त. हळूहळू, महिन्यागणिक कमी होत गेलं आणि पहाटेचंही गेलं, तर रक्तवाहिन्या, साखर, औषधं, संप्रेरकं बघायची. दोन्ही एकत्रही असतात. एकदा धार बारीक झाली की पुढच्या वेळी धास्तीच आधी बिछान्यात येऊन बसते.

ईसीजीला धावण्याबद्दल. एका रात्रीचं सोडाच, दोन-चार वेळा जमलं नाही तरी तो आजार नव्हे. तक्रार निदान तीन महिने टिकून असेल तर तिला नाव द्यायचं. आणि तेव्हाही बीपी, साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), पोटाचा घेर, आणि लागलंच तर सकाळच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, एवढ्यावर सुरुवात होते. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. दोन जिने भराभर चढताना छातीत दुखलं किंवा भलताच दम लागला, तर मात्र आधी हृदयाची तपासणी, मग बाकीचं.

आकड्यांतही बघा. २००५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतून जे हाती आलं त्यानुसार, ज्यांना ही तक्रार नव्याने सुरू झाली त्यांना पुढे हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा त्रास होण्याचा धोका इतरांच्या सव्वापट होता, साधारण धूम्रपान करणाऱ्याइतका. सव्वापट म्हणजे उद्या झटका नव्हे. पण सिगारेट ओढता का, हे कुठलाही डॉक्टर विचारतो. हे मात्र विचारत नाही. ब्रिटनमध्ये हृदयविकाराचा धोका मोजायला वापरतात त्या क्यूरिस्कच्या २०१७ च्या आवृत्तीत हा प्रश्न आला. चाळिशीतल्या माणसात ही खूण जास्त बोलकी असते, पंच्याहत्तरीत तितकी नाही. विशीतल्या मुलात बहुतेक वेळा धास्तीच. त्याला माझा लेख वाचून घाम फुटला असेल तर ती चूक माझी.

‘नपुंसक’ हा शब्द मात्र मी वापरलेला नाही, तुम्ही वापरलात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या १९९२ च्या परिषदेत ‘इम्पोटन्स’ टाकून ‘इरेक्टाइल डिस्फंक्शन’ म्हणा असं सुचवलं गेलं, ते याच कारणासाठी. एका अवयवाच्या रक्तपुरवठ्यावरून अख्ख्या माणसाला नाव द्यायचं नाही.

आणि तुम्ही विचारलंय की हे सगळं कळून उपयोग काय. २००४ सालच्या एका अभ्यासात ही तक्रार असलेले ११० लठ्ठ पुरुष घेतले, मधुमेह कुणालाच नव्हता. निम्म्यांना दोन वर्षं वजन उतरवायला आणि व्यायामाला बसवलं, बाकीच्यांना नुसती माहिती दिली. पहिल्या ५५ पैकी १७ जणांचं कार्य पूर्ववत झालं, दुसऱ्या ५५ पैकी तिघांचं. सगळ्यांचं नाही झालं, हेही त्याच आकड्यात आहे. माझ्या त्या गृहस्थांचंही पूर्ण नाही झालं. साखर आटोक्यात आली, बीपीची गोळी बदलून दिली, तुमच्या मित्राची गोळीही मीच लिहून दिली. पट्टा बांधायला हात पुढे करतात तेव्हा आता काट्याकडे बघत नाहीत, माझ्याशी बोलतात.

लेखाच्या शीर्षकातली ‘धोक्याची घंटा’ आज काढली. तिथे आता ‘ताठरपणा आणि रक्तवाहिन्या’ एवढंच आहे. नायट्रेटबद्दल मूळ लेखात एकच ओळ होती, ती वर आणून ठळक केली आहे.